गाड्यातलं लुगडं

भोकरशेतची बनूबाई कशाला भीत नाही, अशी तिची बेलवलीपासून सोनिवलीपर्यंत ख्याती होती. साप आडवा आला तर 'जा बाबा तुझ्या वाटेनं' म्हणून ती बाजूला व्हायची, आणि तलाठी आडवा आला तर बाजूलाही व्हायची नाही. नवरा गेला त्या साली दिरानं शेताच्या तुकड्यावर डोळा ठेवला, तेव्हा ही बया विळा घेऊन तीन दिवस बांधावर बसून राहिली होती. चौथ्या दिवशी दीर आपणहून तिला जेवायला बोलवायला आला. अशा बाईला भरदुपारी, लख्ख उन्हात, भाकरीचा तुकडा हातात असताना कापरं भरतं, असं कुणी सांगितलं असतं तर गाव हसलं असतं.

पण भरायचं. दुपारी माणसं सावलीला गेली, बैल रवंथ करत बसले, शिवार गप्प झालं, की शिवेपलीकडून, ऐनाच्या पाड्याच्या अंगानं आवाज यायचा. कुणीतरी दगडावर धुणं धोपटत असल्याचा. चार-पाच वेळा थप थप, मग पिळायला लागावा तेवढा वेळ शांतता, मग पुन्हा थप थप. पाड्यावर चौतीस वर्षांत चूल पेटली नव्हती. घरांची जोती तेवढी उरली होती, त्यांवर करवंदीच्या जाळ्या, आणि मधोमध एक विहीर. धुणं धुवायला तिथं कोण मरायला जाणार? पहिल्यांदा आवाज आला तेव्हा तिनं नवऱ्याला विचारलं होतं. त्यानं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "कुठं काय हाय?" त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही. वर्षातून दोन-तीन वेळा यायचा. आला की ती उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळायची आणि कामाला लागायची, एवढाच तिचा इलाज.

पाडा का ओस पडला ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पटकीच्या साली गावानं मरीआईचा गाडा शिवेवर नेला. तशी रीतच होती. गावात पटकी शिरली, पटापट माणसं मरायला लागली, की लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात देवीसाठी नवं लुगडं, खण, हिरव्या बांगड्या, नारळ, दहीभात ठेवायचा, वाजतगाजत शिवेपार ओढून न्यायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पुढच्या गावानं पूजा करून तो आपल्या शिवेपार ढकलायचा, त्यानं पुढच्या. असा गाडा शेवटी नदीला मिळायचा आणि देवी माघारी जायची. त्या साली मात्र ऐनाच्या पाड्यावरच्या एका बाईला हाव सुटली. तिनं गाड्यातलं देवीचं लुगडं उचललं आणि खुशाल नेसली. आठ दिवसांत अकरा घरं बसली. ती मेली तेव्हा ते हिरवं लुगडं तिच्या अंगावर होतं, हे प्रेतं उचलायला गेलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गाव तिला चोरटी म्हणायचं. तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. पोरं तिन्हीसांजेला खेळातून उशिरा आली की आया दटावायच्या, चोरटी धरील.

बनूबाईनं आपल्या पोरांना कधी तसं दटावलं नाही. दुसऱ्या कुणी दटावलं तर ती ऐकायची आणि गप्प बसायची.

भोकरशेतला भात झोडून झाला की पुढं सात महिने हाताला काम नसायचं. निम्मं गाव बिऱ्हाड पाठीला बांधून वीटभट्टीवर जायचं. फाळणीनंतर कल्याणच्या अलीकडं लष्कराच्या बराकींत सिंधी लोकांची वस्ती झाली. सरकारनं तिचं नाव उल्हासनगर ठेवलं, पण गावाच्या तोंडी कॅम्पच राहिलं. कॅम्पात बांधकामं निघाली तशा भट्ट्या वाढल्या आणि गावं आणखी रिकामी झाली. गेल्याच्या मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या सखूची धाकटी मुलगी भट्टीवर तापानं गेली. तिला तिथंच विटांच्या रासेमागं पुरून सखू परत आली, बनूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रात्रभर पडली आणि सकाळी उठून म्हणाली, "काकी, मी उपाशी राहीन, पन भट्टीवर नाय जाणार."

बनूबाईनं ते मनावर घेतलं. भात निघाल्याबरोबर तिनं खाचराच्या ओलीवर मेथी-मुळा टाकला आणि सखूसकट चार जणींना बरोबर घेऊन, जुड्या डोक्यावर ठेवून, सरळ कॅम्प गाठला. सिंधी बायका पालेभाजी बघून हरखल्या. पाटी उतरवायच्या आधीच रिकामी व्हायची. एक म्हातारा दुकानदार रोज विचारायचा, "माई, भें लाई हो?" भें म्हणजे कमळाची मुळं हे कळायलाच त्यांना महिना लागला, आणि कळल्यावर 'मेले चिखलातली मुळं खातात' म्हणून त्या गावापर्यंत हसत आल्या. पुढच्या हंगामाला एकोणीस बायका झाल्या. कुणी वाफे करायचे, कुणी खत वाहायचं, कुणी कॅम्पात जायचं, हे सगळं बनूबाई ठरवायची आणि कुणी हूं की चूं करायचं नाही.

अडलं ते पाण्यावर. पौष लागला आणि गावची विहीर तळाला गेली. प्यायलाच पुरेना, मळ्याला कुठून? वांगी फुलावर येऊन वाळली. भट्टीचा मुकादम गावात येऊन देवळाच्या पारावर बसून गेला. तो काही बोलला नाही, विडी ओढली आणि गेला. त्याला बोलायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात ग्रामसेवक आला. शशिकांत नाव त्याचं, अंबरनाथचा, विशीतला, सायकलवरून येणारा. स्वावलंबन, सहकार असले शब्द तो इतक्या भक्तीनं उच्चारायचा की बायकांना वाटे, ही कुणी नवीन देवतांची नावं असावीत. पण पोरगा मनाचा चांगला होता. त्यानं चार दिवस शिवार पालथं घातलं आणि पाचव्या दिवशी देवळासमोर बायकांना जमवून सांगितलं, "पाड्यावरच्या विहिरीला या दिवसांतही दोन पुरुष खोल पाणी आहे. आजूबाजूची जमीन सपाट आहे. गाळ काढून औषध टाकलं की मळा तिकडंच करता येईल. तुम्हाला मे महिन्यापर्यंत कुठं जायला नको."

एकोणीस जणींची पाचावर धारण बसली. सखू म्हणाली, "तिथं चोरटी हाय. माझी थोरली बहीण बकुळा त्याच पाड्यात दिलेली. लगीन होऊन चार महिने नाय झाले नि गेली. तिचं तोंड मना आठवत नाय."

शशिकांत हसला नाही, हे त्यानं बरं केलं. समजुतीच्या सुरात म्हणाला, "लुगडं चोरल्यानं कुणी मरत नाही, मावशी. दुकानातून नवंकोरं लुगडं चोरून नेसा, पोलीस धरतील, पण पटकी होणार नाही. पटकीचं विष रोग्याच्या जुलाबात असतं, ओकारीत असतं. त्यानं भरलेले कपडे विहिरीवर धुतले की ते पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी सगळे पितात. माझा अंदाज, त्या गाड्यात कुणीतरी आजाऱ्याचं कापड घातलं असणार."

"नाय वो साहेब," सखू म्हणाली. "गाड्यात नवंच लुगडं घालतात. देवीला जुनं कोन दील?"

"मग मला नाही सांगता येत," शशिकांत म्हणाला आणि पुढं खताच्या खड्ड्यांवर बोलायला लागला.

बनूबाईला सांगता येत होतं. ती देवळाच्या खांबाला टेकून बसली होती. शशिकांतचे ओठ हलताना तिला दिसत होते, एवढंच.

त्या साली ती पंधरा वर्षांची होती, लग्नाला दीड वर्ष झालेली. सासूला पहाटे जुलाब लागले आणि दिवस बुडायच्या आत ती गेली. दुसऱ्या दिवशी गाडा निघायचा होता. ज्या घरात शेवटचं मरण झालं त्या घरानं देवीचं लुगडं द्यायचं, अशी भोकरशेतची रीत. सासरा म्हणाला, "पेटीत नवं असंल ते काढ." पेटीत एकच नवं लुगडं होतं. अंजिरी रंगाचं. संक्रांतीला नेसायला म्हणून बनूच्या आईनं तिला पाठवलेलं, घडीही न मोडलेलं. दर दोन-तीन दिवसांनी ती पेटी उघडून त्याचा वास घ्यायची. आताही तिनं ते बाहेर काढलं, वास घेतला आणि परत ठेवून दिलं. कोपऱ्यात सासूचं हिरवं लुगडं पडलं होतं, लाल काठाचं, गेल्या दिवाळीचं. शेवटच्या दिवशी तिच्या अंगावर होतं ते. बनूनं भरलेली बाजू आत घेऊन नीट घडी घातली, काठ वर काढला, त्यावर खण ठेवला, बांगड्या ठेवल्या. दिव्याच्या उजेडात ते नव्यासारखं दिसत होतं. कुणी उचलून बघितलं नाही. देवीच्या लुगड्याला कोण हात लावणार?

संक्रांतीला ती अंजिरी लुगडं नेसली. तोवर पाड्यावर कावळे उतरायचेही बंद झाले होते.

चौतीस वर्षं तिनं मनाशी एक वाटणी करून ठेवली होती. आपण देवीला जुनेरं देऊन फसवलं, हे खरं. पण देवीचं चोरलं ते त्या बाईनं. कोप झाला तो दोघींवर मिळून झाला. निम्मं माझं, निम्मं तिचं. त्या निम्म्यावर ती पोरंबाळं वाढवत, भांडत, हसत जगली होती. आता या सायकलवरच्या पोरानं तिची वाटणीच मोडून टाकली. गाड्यात नवं असतं तर ती बाई ते उचलती, नेसती आणि मिरवती. पुढच्या गावाच्या बायकांनी तिला चार शिव्या घातल्या असत्या. आणि ती म्हातारी होऊन, नातवंडं खेळवून मेली असती.

त्या दिवसापासून दुपारचा आवाज रोज यायला लागला. ती भाकरी तशीच फडक्यात बांधून उठायची. सखू म्हणाली, "काकी, विहिरीचं भ्या वाटतं का तुला?" बनूबाई म्हणाली, "मना कसलं भ्या?" आणि तिनं सगळ्यांदेखत जाहीर केलं की पाड्यावर मळा करायचा आणि विहिरीवर पहिलं पाऊल आपण टाकायचं. तिनं मान्य केलं म्हणताना बाकीच्यांनीही मान डोलवली. तिच्या शब्दावर एकोणीस घरं उभी होती.

विहीर आणि भोवतालची जमीन सातबाऱ्यावर हिरामण नावाच्या माणसाच्या नावानं निघाली. पाड्यातला तेवढा एकच वाचलेला. सात वर्षांचा असताना बेलवलीचा मामा त्याला खांद्यावर टाकून घेऊन गेला होता. आता अंबरनाथला कारखान्यात होता. शशिकांतनं संमतीचा कागद लिहून दिला आणि म्हणाला, "मी येतो बरोबर." बनूबाई म्हणाली, "नको. मी एकटी जाते." तो कुणाचा मुलगा, ते कागदावरच्या बापाच्या नावावरून तिला कळलं नव्हतं. पण कुणाचा तरी असणारच होता.

रविवार होता. हिरामण चाळीच्या खोलीत दाढी करत बसला होता. चाळिशीचा, केस पिकलेला, आवाज खाली ठेवून बोलणारा. 'भोकरशेतची' म्हटल्यावर त्याचा हात थांबला. मग त्यानं गालावरचा साबण पुसला, तिला चटई टाकून दिली, स्वतः चहा केला. कागद वाचला आणि लगेच सही केली.

"न्या," तो म्हणाला. "मना काय करायचीय ती विहीर? एकोणीस घरं भट्टीवरनं वाचतात तर वाचूं द्या."

बनूबाईचा जीव भांड्यात पडला. बशीतला चहा फुंकत ती म्हणाली, "तुमी कवा आलात नाय गावाकडं?"

"कोनत्या तोंडानं येवू, बाय?" हिरामण म्हणाला. "तुमची पोरं जिच्या नावानं भितात, ती माझी आय."

बनूबाईनं बशी तोंडाजवळून खाली घेतली. त्याला बोलायचंच होतं बहुधा. इतक्या वर्षांत भोकरशेतचं कुणी त्याच्यासमोर बसलं नव्हतं.

"आयला एकच लुगडं व्हतं, तेबी फाटकं. गाडा दिसला तशी ती गेली नि घेवून आली. बा वरडला. ती म्हनली, देवीला रानात कशाला हवंय, मना माणसांत वावरायचंय. मंग विहिरीवर धुवायला बसली. मी काठावर बसलेलो. म्हटलं, नवं लुगडं कशाला धुतंस? म्हनली, आतनं डाग हाय, वास मारतोय. भर दुपारचं दगडावर धोपटत बसली व्हती. थप थप थप. मना अजून दिसते."

बनूबाईच्या हातातली बशी कलंडली आणि चहा चटईवर सांडला. हिरामणनं फडकं घेऊन पुसला.

"ती गेली, बा गेला, माझी दोन भावंडं गेली. समदा पाडा गेला तिच्यापायी. पितरांच्या दिवसांत मी बाचं पान ठेवतो. आयचं नाय ठेवत. बायको बोलते, ठेवा. माझा हात होत नाय. जावूं द्या. विहीर चालू करा तुमी."

कागद घडी करून बनूबाईनं कनवटीला खोचला. उठली. दाराबाहेर पडली. गॅलरीच्या टोकापर्यंत गेली, जिना उतरायला पाय खाली टाकला. झालं होतं काम. या माणसानं काही विचारलं नव्हतं, पुढंही विचारणार नव्हता. कागद कमरेला होता, मळा होणार होता, आणि उरलेली दहा-पंधरा वर्षं दुपारचा आवाज ऐकून घ्यायला ती सरावलेली होती. पण या माणसाचं काय? आईला पान न ठेवता तो मरणार होता.

ती परत फिरली आणि दारातच उभी राहून बोलली. बसून बोलायचं धैर्य झालं नाही.

"हिरामणभाऊ, ते लुगडं नवं नव्हतं. माझ्या सासूचं व्हतं, ती मेली तवा अंगावर व्हतं ते. माझं नवं राखायचं म्हनून मी घडी घालून ते गाड्यात ठेवलं. तुमच्या आयनं चोरलं म्हनून काय झालं नाय. मी ठेवलं म्हनून झालं. त्या जागी नवं असतं तर तुमची भावंडं आज तुमच्या शेजारी बसली असती."

बाहेर नळावर बायकांचं भांडण चाललं होतं ते सबंध ऐकू आलं.

"कोनाला ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"कोनाला नाय."

"चौतीस वर्सं. लोकं चोरटी चोरटी करायची नि तुमी ऐकत बसायच्या."

"व्हय."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. बनूबाईनं कमरेचा कागद काढून उंबऱ्यावर ठेवला.

"उचला तो," तो भिंतीकडं बघतच म्हणाला. "त्या बायांनी माझं काय वाईट केलंय? मी सही मागं घेणार नाय. पन पयलं पानी काढाल त्या दिवशी मी येईन. तिथं बोला. आता मना बोललात ते समद्यांसमोर बोला. नि चोरटी नका म्हनू. अंजनी नाव हाय माझ्या आयचं."

पंधरा दिवसांत गाळ निघाला. पुरुष आधी उतरायला तयार नव्हते. बनूबाई काठावर पाय सोडून बसली तेव्हा लाजेकाजेनं उतरले. गाळात दोन कळशा निघाल्या, एक विळा निघाला, लहान मुलाच्या पायातला वाळा निघाला. शशिकांतनं पांढरी पूड टाकली, दोनदा पाणी उपसून काढायला लावलं, बाटलीत भरून तपासायला नेलं आणि आनंदानं ओरडत परत आला. जोत्यांमधल्या सपाटीवर बायकांनी वाफे घातले. रहाट बसवायला अवकाश होता, म्हणून तोवर घागरी हातोहात द्यायच्या ठरल्या: विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत एकोणीस जणींची रांग, भरली घागर पुढं, रिकामी मागं.

या पंधरा दिवसांत बनूबाईनं हजारदा ठरवलं की बोलायचं नाही. बोललं तर रांग मोडेल. बायका घरी जातील, विहिरीकडं पुन्हा फिरकायच्या नाहीत, आणि मुकादम पारावर येऊन बसेल. एका म्हाताऱ्या पापासाठी एकोणीस घरं भट्टीवर घालवायची? हा विचार तिला अगदी शहाणपणाचा वाटायचा. नेमका शहाणपणाचा वाटायचा म्हणूनच तिला त्याची किळस यायची. लुगड्याची घडी घालतानाही तिला असंच शहाणपण सुचलं होतं.

माघातली सकाळ होती. हिरामण धुतलेला सदरा घालून आला आणि विहिरीच्या काठावर एका बाजूला उभा राहिला. लोकांनी त्याच्याकडं चोरून पाहिलं. शशिकांतनं सहकारावर चार शब्द सांगतो म्हणून आठच सांगितले. नारळ फुटला. बायका रांगेत उभ्या राहिल्या. विहिरीजवळ सखू, तिच्यानंतर बनूबाई, मग बाकीच्या.

"जरा थांबा," बनूबाई म्हणाली. "मना बोलायचं हाय."

तिनं सगळं सांगितलं. पेटी, अंजिरी लुगडं, सासूचं हिरवं लुगडं, आत घेतलेली बाजू. आवाज कुठं चढला नाही, कुठं बसला नाही. शेवटी म्हणाली, "जी बाई मेली ती चोरटी नाय. तिचं नाव अंजनी. तिनं एक लुगडं घेतलं. बाकीचं समदं मी केलं."

मागं उभे असलेले म्हातारे जमिनीकडं बघत होते. आपल्या एका वाक्यानं काय उकरलं, हे शशिकांतला आत्ता कळत होतं.

सखूनं मान वळवली. "बकुळा त्याच पान्यानं गेली?"

"व्हय, बाय."

"मी भट्टीवरनं आले, तुझ्या मांडीवर पडले रात्रभर. बकुळाचं नाव घेवून रडले. तवा तुला ठावं व्हतं?"

"पान्याचं नव्हतं ठावं. देवीचा कोप समजत व्हते. पन लुगडं माझ्या हातचं, ते ठावं व्हतं."

हिरामण पुढं झाला. त्यानं दोरानं घागर सोडली, भरून वर ओढली, ओंजळभर पाणी धुण्याच्या दगडावर ओतलं आणि आईचं नाव घेतलं. एक ओंजळ स्वतः प्यायला. उरलेली घागर त्यानं सखूच्या हातात दिली.

सखू घागर धरून उभी राहिली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. तिनं ती खाली टाकली असती तर दुसरी कुणी उचलणार नव्हती, हे बनूबाईला ठाऊक होतं, आणि सखूलाही. पाणी काठावरून तिच्या मनगटावर सांडत होतं. बनूबाईनं रांगेतल्या सवयीनं दोन्ही हात पुढं केले.

सखूनं त्या हातांकडं पाहिलं. मग ती कमरेतून वाकली, घागर बनूबाईच्या अंगावरून पलीकडं लांबवली आणि पुढच्या बाईच्या हातात दिली. ती बाई क्षणभर गोंधळली, पण तिनं घेतली. घागर पुढं गेली. दुसरी आली, तीही तशीच गेली. लांबून द्यावी लागत असल्यामुळं निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं.

सांडणारं पाणी बनूबाईला बघवेना. ती एक पाऊल मागं सरली. पलीकडची बाई एक पाऊल पुढं आली, तिच्यामागची तिच्यामागं, आणि रांग जुळली. आता घागरी सरसर जायला लागल्या.

बनूबाई जवळच्या एका जोत्यावर जाऊन बसली. ऊन डोक्यावर येईपर्यंत शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं होतं. त्या उन्हाळ्यात भोकरशेतातून एकही बिऱ्हाड भट्टीवर गेलं नाही. बनूबाई रोज मळ्यावर यायची, टोकाच्या वाफ्यातलं तण काढायची. तिला कुणी येऊ नको म्हटलं नाही. तिच्या हातची घागर मात्र, ती मरेपर्यंत, भोकरशेतात कुणी घेतली नाही.